आधी एकदा झटका येऊन गेलाय, हृदयात स्टेंट आहे. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही?

निळीसावली (धागाकर्ती)

मंडळी, सासऱ्यांना गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा पक्षाघात झाला. पहिला सहा वर्षांपूर्वी. त्यातून उजवा हात थोडा अडखळत राहिला, बाकी ठणठणीत. मधल्या काळात मधुमेह, हृदयात दोन स्टेंट, पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे. थोडक्यात, अंगातला एकही पाइप स्वच्छ नाही असं ते स्वतःच म्हणतात.

या वेळी डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेतीन तास उलटले होते. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, आधी स्ट्रोक झालाय, शुगर आहे, तीन तास होऊन गेलेत, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नियमात बसत नाही. दहा-बारा मिनिटांनी वरिष्ठ आले. सीटी पाहिला, नवऱ्याला दोन-तीन प्रश्न विचारले, सगळे धोके सांगून सही घेतली आणि इंजेक्शन सुरू केलं. आज सासरे काठी टेकत का होईना, स्वतः चालतात.

तक्रार नाहीच. पण पेशंट तोच, सीटी तोच, मग 'नाही'चं 'हो' कसं झालं? नणंद अजून म्हणते, "बाबांवर जुगार खेळलात." तिला काय उत्तर द्यावं कळत नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

मज्जारज्जू

मी याच क्षेत्रात आहे. तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहितोय ते सर्वसाधारण समजा.

त्या तरुण डॉक्टरांना दोष देऊ नका, त्यांनी छापील नियम सांगितला. तो नियम कुठून आला हे मजेशीर आहे. हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन म्हणजे अल्टेप्लेझ (ज्याला सगळे टीपीए म्हणतात), ते स्ट्रोकमध्ये उपयोगी पडतं हे १९९५ च्या एनआयएनडीएस या अमेरिकी चाचणीत दिसलं. ६२४ रुग्ण, मुदत तीन तासांची. पुढच्याच वर्षी तिथे मान्यता मिळाली. २००८ मध्ये एकास-३ या युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत ओढली. पण तिसऱ्या तासानंतर रक्तस्राव वाढेल या धास्तीने त्यांनी रुग्ण फार निवडून घेतले. ८० च्या पुढचे नकोत, अतिशय मोठा स्ट्रोक नको, रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणारे नकोत आणि आधीचा स्ट्रोक व मधुमेह दोन्ही असलेले नकोत. तुमचे सासरे नेमके शेवटच्या खणात.

आता गंमत अशी की चाचणीत ज्यांना घेतलंच नाही त्यांच्याबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही. फायदा नाही असंही नाही आणि नुकसान आहे असंही नाही. पण 'आम्ही यांना घेतलं नाही' याचं युरोपातल्या औषधाच्या माहितीपत्रकात 'यांना देऊ नये' झालं आणि ते वर्षानुवर्षं तसंच चालत राहिलं. पुढे प्रत्यक्ष उपचार झालेल्या रुग्णांच्या मोठ्या नोंदी तपासल्यावर जुना स्ट्रोक आणि मधुमेह असलेल्यांनाही फायदा होताना दिसला. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी २०१८ मध्ये अशा रुग्णांना साडेचार तासांच्या आत देण्याचा विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. म्हणजे धाकटे जुन्या पानावर होते आणि थोरले नव्या.

एक विचारू? ते दोन-तीन प्रश्न कोणते होते, आठवतंय का?

शंकेखोर

म्हणजे आधी नियम केला, मग ढिला केला. यात औषध कंपनीचा किती हात? शिवाय मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे सगळे दबक्या आवाजात का सांगतात? नणंदेला जुगार वाटला तर तिचं फार चुकलं नाही.

मज्जारज्जू

@शंकेखोर, दबक्या आवाजात कशाला, आकडेच देतो. १९९५ च्या त्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांच्या मेंदूत लक्षणं बिघडवणारा रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. दहापट. हे लपवण्यासारखं नाहीच. पण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले मोजले, तर इंजेक्शनवाले शंभरात ३९ आणि बाकीचे २६. मृत्यू १७ टक्के विरुद्ध २१ टक्के. म्हणजे रक्तस्रावाचं नुकसान धरूनही पारडं फायद्याकडे झुकतं. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतले ६,७५६ रुग्ण एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच निघालं, आणि जितक्या लवकर द्याल तितका फायदा जास्त.

जुगारात पत्ते न पाहता पैसे लावतात. इथे सीटी पाहून, रक्तदाब मोजून, साखर तपासून लावतात. आणि इंजेक्शन न देण्यातही धोका आहेच. तो कागदावर सही करून घ्यावा लागत नाही म्हणून दिसत नाही इतकंच.

कंपनीचं म्हणाल तर संशय घेणं चांगलंच. पण नियम दोन्ही दिशांनी बदललेत. किरकोळ, हातपाय न अडवणाऱ्या स्ट्रोकमध्ये हे इंजेक्शन देऊन साध्या अ‍ॅस्पिरिनपेक्षा जास्त काही मिळत नाही असं २०१८ च्या एका चाचणीत दिसलं, आणि तिथे आता सहसा देत नाहीत.

सांजपाखरू

लिहू की नको असं झालं होतं. माझ्या काकूंना हेच इंजेक्शन दिलं होतं. वेळेत दिलं, सगळं नियमानुसार. संध्याकाळी हात हलवायला लागल्या, आम्ही सगळ्यांना फोन करून कळवलं. रात्री डोकं भयंकर दुखायला लागलं, उलटी झाली, परत सीटीत रक्त दिसलं. नवव्या दिवशी गेल्या. त्यांना कित्येक वर्षं बीपी होतं आणि गोळ्या मनाला येईल तशा घ्यायच्या.

इथल्या आकड्यांवर माझा राग नाही. पण त्या ६.४ मध्ये माझी काकू आहे.

रात्रपाळी

सांजपाखरू, वाईट वाटलं. आमच्या वॉर्डात हे प्रसंग विसरले जात नाहीत, एवढंच सांगते.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ते इंजेक्शन लागतं तेव्हा आत काय चालतं हे नातेवाइकांना दिसत नाही, म्हणून सांगते. आधी वजन. डोस वजनावर असतो, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कितीही वजन असलं तरी ९० च्या वर नाही. पेशंट उभा राहू शकत नाही, म्हणून खाटेतच वजनकाटा असेल तर उत्तम, नाहीतर आम्ही घरच्यांना विचारतो आणि घरचे एकमेकांकडे बघतात. कृपा करून आपल्या माणसाचं वजन माहीत असू द्या. दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेतून, उरलेलं तासाभरात हळूहळू. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तास होईपर्यंत तासातासाने. देण्याआधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं, दिल्यावर १८०/१०५ च्या खाली ठेवावं लागतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, गुंगी वाढतेय असं काहीही वाटलं की आधी औषध बंद, मग सीटी. चोवीस तास नाकातून नळी नको, लघवीची नळी टाळता आली तर टाळायची, अ‍ॅस्पिरिन नाही, क्लोपिडोग्रेल नाही. नातेवाईक विचारतात, "हार्टची गोळी चुकली ना?" चुकलेली नसते, मुद्दाम थांबवलेली असते.

जुने बीपीचे आणि हृदयाचे पेशंट असतील तर माझी नजर बीपीच्या आकड्याइतकीच ओठांवर असते. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींची हे इंजेक्शन चालू असताना जीभ आणि ओठ सुजतात. बहुतेकदा अर्धीच जीभ सुजते, आणि तीही लुळ्या पडलेल्या बाजूची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तोंड वाकडं झाल्यामुळे तसं दिसतंय. सूज घशाकडे गेली तर श्वास अडकतो. म्हणून गोळ्यांची यादी आम्ही पुन्हापुन्हा विचारतो, कंटाळू नका.

पुडीवाला

गोळ्यांची यादी म्हणालात आणि माझा दुखरा भाग दाबलात. रुग्णालयाच्या औषध विभागात उभ्या जन्मात मी एका शब्दाने सर्वांत जास्त घोळ झालेला पाहिलाय : 'रक्त पातळ करायची गोळी'.

या एका नावाखाली लोक दोन पूर्ण वेगळी कुळं घालतात. पहिलं कूळ अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर. स्टेंट बसवलेल्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला यातलं काहीतरी चालू असतं. यांनी रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत. स्ट्रोकच्या इंजेक्शनला ही अडचण नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असतील तर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, पण फायदा त्याहून जास्त, म्हणून देतात.

दुसरं कूळ वॉरफरिन, असेनोकुमरॉल आणि नवीनांतल्या डाबिगॅट्रान, रिवारोक्साबान, अ‍ॅपिक्साबान. यांनी गुठळी घडवणारे घटकच रोखलेले असतात. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना किंवा कृत्रिम झडपवाल्यांना यातली गोळी असते (झडपवाल्यांना सहसा वॉरफरिनच). इथे मात्र थांबावं लागतं. वॉरफरिनवर असाल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) १.७ च्या आत हवा. नवीन गोळ्यांपैकी काही गेल्या ४८ तासांत घेतली असेल तर मार्गदर्शक तत्त्वं सहसा नको म्हणतात. अपवाद डाबिगॅट्रानचा : त्याचा परिणाम काही मिनिटांत पुसणारं इडारुसिझुमॅब नावाचं औषध आहे, ते असेल तर आधी ते देऊन मग टीपीए देता येतं.

तेव्हा घाईत 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' एवढंच सांगू नका. नाव सांगा आणि शेवटची कधी घेतली ते सांगा. नाव येत नसेल तर रिकामं पाकीट खिशात टाकून न्या, तेही नसेल तर मोबाइलमध्ये फोटो.

बिनकामाचा

मला पडलेला बाळबोध प्रश्न. हार्ट अटॅकमध्ये स्ट्रेप्टोकायनेज नावाचं इंजेक्शन देतात हे ऐकलं होतं. गुठळी ती गुठळी. मग मेंदूला तेच का नाही? आणि घरात अ‍ॅस्पिरिन असतेच, झटका आला की लगेच चघळायला द्यायची का?

मज्जारज्जू

बाळबोध अजिबात नाही. दोन्ही औषधं शेवटी एकच काम करतात. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं निद्रिस्त प्रथिन असतं, त्याला जागं करून प्लाझ्मिन बनवतात आणि ते गुठळीतले फायब्रिनचे धागे कापतं. फरक कुठे जागं करतात यात. स्ट्रेप्टोकायनेज सगळ्या रक्तात करतं, टीपीए मुख्यत्वे फायब्रिनला चिकटून, म्हणजे गुठळीपाशी. १९८८ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी हृदयविकारात स्ट्रेप्टोकायनेजने जीव वाचतात हे दाखवलं होतं. साहजिकच नव्वदच्या दशकात ते मेंदूसाठीही करून पाहिलं. रक्तस्राव आणि मृत्यू इतके वाढले की त्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. हृदयाच्या स्नायूत थोडं रक्त झिरपलं तर ते सोसतं, कवटीत मात्र पसरायला जागाच नसते.

अ‍ॅस्पिरिन : नाही. छातीत कळ आली तर चघळायला सांगतात, तोंड वाकडं झालं तर नाही. बाहेरून गुठळीचा स्ट्रोक आणि रक्तस्रावाचा स्ट्रोक सारखेच दिसतात, सीटीशिवाय कुणीही सांगू शकत नाही. हृदयाच्या पेशंटच्या घरी जिभेखाली ठेवायची गोळी असते, तीही देऊ नका. बीपी अचानक पडलं तर अडलेल्या भागाला जे थोडंफार रक्त मिळतंय तेही जातं. पाणीसुद्धा पाजू नका, गिळता येत नसेल तर छातीत जातं. इंजेक्शन सुरू असताना सोबत अ‍ॅस्पिरिन देऊन बघितली होती, २०१२ च्या एका चाचणीत. रक्तस्राव १.६ वरून ४.३ टक्क्यांवर गेला आणि तीही चाचणी थांबवली. रात्रपाळीताई चोवीस तास थांबवतात ते म्हणून.

@सांजपाखरू, तुमच्या काकूंबद्दल काही बोलणं मला शोभणार नाही. एक सर्वसाधारण गोष्ट सांगतो. 'रक्तवाहिन्यांचा जुना आजार' हा शब्द फार ढोबळ आहे. हृदयाच्या किंवा पायाच्या मोठ्या नळ्यांमधला चरबीचा थर वेगळा आणि वर्षानुवर्षांच्या बीपीने मेंदूतल्या केसाएवढ्या नळ्या ठिसूळ होणं वेगळं. पहिल्यामुळे मेंदूत रक्तस्राव होईल असं थेट नाही. दुसऱ्यात तो धोका खरा. एमआरआयमध्ये अशा लोकांच्या मेंदूत जुन्या बारीक रक्तस्रावांचे ठिपके दिसतात, ते दहाच्या वर असतील तर पुन्हा विचार करतात. पण ते ठिपके शोधायला प्रत्येकाचा एमआरआय करत बसलं तर वेळ जातो, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून सहसा सीटीवरच निर्णय होतो, डोळ्यांवर अर्धी पट्टी बांधून.

शंकेखोर

हे शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. माझा अर्धा आक्षेप मागे. उरलेला अर्धा असा : 'आधीचा स्ट्रोक चालतो' म्हणालात. कधीचाही?

मज्जारज्जू

नाही. तीन महिन्यांच्या आतला गुठळीचा स्ट्रोक असेल तर सहसा देत नाहीत, कारण ती जखम अजून ओली असते. छोटा झटका येऊन तासाभरात पूर्ण ओसरला असेल (टीआयए), तो अडचण नाही. आधी कधीही मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर बहुतेक ठिकाणी नाहीच. मानेतून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड रक्तवाहिनी अरुंद आहे, एवढ्यावरून नाही म्हणत नाहीत. महाधमनीचा पापुद्रा फाटला असेल तर मात्र हे इंजेक्शन जीवघेणं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हृदयाच्या कोणत्या भिंतीचा, किती मोठा ते बघावं लागतं, ताजा दुखावलेला स्नायू फाटण्याची भीती असते. आणि स्ट्रोक व हार्ट अटॅक एकाच वेळी आले, तर स्ट्रोकच्या डोसमध्ये टीपीए देऊन मग अँजिओप्लास्टीकडे नेतात.

जुन्या स्ट्रोकवाल्यांत आणखी एक फसवा प्रकार असतो. ताप, लघवीचा संसर्ग, साखर कमी होणं, झोप न होणं, यांनी जुनाच लुळेपणा पुन्हा डोकं वर काढतो. नवीन गुठळी नसतेच. सहा वर्षांपूर्वी उजवा हात गेला होता आणि आज पुन्हा उजवाच हात, तोही तापात, तर डॉक्टर थबकतात. निळीसावलीताईंच्या सासऱ्यांची या वेळी डावी बाजू गेली, त्यामुळे तिथे संशयाला जागा नव्हती. अर्थात हे ठरवायचं काम घरच्यांचं नाही, त्यांनी पळायचं.

हेही विसरू नका की गुठळी मोठ्या नळीत असेल तर टीपीए एकटं बऱ्याचदा कमी पडतं. २०१५ पासून जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढायला भक्कम पुरावा आहे आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. ज्यांना रक्तस्रावाच्या भीतीने इंजेक्शन देता येत नाही त्यांच्यातले काही तिथे वाचतात. म्हणून 'इंजेक्शन नाही' ऐकल्यावर पुढचा प्रश्न 'मग गुठळी काढता येईल का?' हा असायला हवा.

पुडीवाला

पुरवणी : आता बऱ्याच ठिकाणी अल्टेप्लेझऐवजी टेनेक्टेप्लेझ आलंय. एकाच दणक्यात शिरेत, तासभर पंप नाही. किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २५. अमेरिकेत स्ट्रोकसाठी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. वर लिहिलेल्या अटी-शर्ती त्यालाही जवळपास तशाच.

निळीसावली (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. @मज्जारज्जू, तुम्ही विचारलेत ते प्रश्न त्याला नीट आठवताहेत. पहिला, शेवटचे धडधाकट कधी दिसले. आम्ही 'सापडले' ती वेळ सांगत होतो, त्यांना 'शेवटचे ठीक होते' ती वेळ हवी होती. धाकट्या लेकीने त्यांना साडेनवाला चष्मा नेऊन दिला होता, तेव्हा ते तिच्याशी बोलले. तीच वेळ धरली. दुसरा, या झटक्याआधी स्वतःची आंघोळ, चालणं, जेवण स्वतः करत होते का. हो, सगळं.

तिसरा प्रश्न ऐकून मी कपाळावर हात मारला. नवऱ्याने धाकट्या डॉक्टरांना सांगितलं होतं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." त्यांनी तसंच लिहिलं. थोरल्यांनी विचारलं, "नाव काय?" नवऱ्याला नाव येईना, पाकीट दाखवलं. क्लोपिडोग्रेल. तुमच्या पहिल्या कुळातली.

म्हणजे नियमाचं जुनं पान होतंच, पण त्यावर आमचा शब्दही चढला होता. नणंदेला धागा पाठवलाय. तिने वाचला, काही बोलली नाही, फक्त विचारलं, "बाबांचं वजन किती?"

रात्रपाळी

किती मग?

निळीसावली (धागाकर्ती)

घरात कुणालाच माहीत नव्हतं. काल काटा आणला. ६१.